वाचक विचारतात: परदेशातलं कायमचं वास्तव्य, मिळवताना आणि टिकवताना

परदेशी कायम राहण्याच्या परवान्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी दहा पत्रांना या अंकात उत्तरं दिली आहेत. नावं काढली आहेत, गावं ठेवली आहेत. पत्रं लावताना एक गोष्ट दिसली. परवाना कसा मिळवायचा हे विचारणारे थोडे आहेत, हातातला जाईल का या धास्तीत असलेले जास्त. म्हणून उत्तरांचा कलही तिकडेच आहे. शुल्काचे आकडे आणि रांगेच्या तारखा बदलत राहतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्या.

गंगापूर रोड : आम्ही दोघं सत्तरीच्या आसपास. मुलगा अमेरिकेचा नागरिक, त्याच्यामुळे दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड मिळालं. मन इथेच रमतं. वर्षातून एकदा पाय लावून आलं की कार्ड टिकतं, असं सगळे सांगतात. सिंहस्थाची स्नानं २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत, त्यासाठी तर सलग वर्षभर नाशिकला राहायचंय. चालेल का?

‘पाय लावून येणं’ हा नियम कुठेही लिहिलेला नाही. कायदा विचारतो ते एवढंच, की तुमचं घर अमेरिकेत आहे आणि तुम्ही तात्पुरते बाहेर गेला होतात, की घर नाशिकला आहे आणि तिकडे पाहुणे म्हणून जाता? दिवसांची मोजणी हा त्या प्रश्नाचा एक पुरावा, अख्खं उत्तर नव्हे. दर वर्षी नऊ महिने इथे आणि तीन महिने तिथे असा शिक्का पासपोर्टवर उमटत गेला, तर एकही फेरी वर्षाची नसताना विमानतळावरचा अधिकारी ‘कार्ड सोडलंय’ असं म्हणू शकतो.

दोन टप्पे लक्षात ठेवा. १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात, तर परतताना तुमची नव्यानं प्रवेश मागणाऱ्यासारखी चौकशी होऊ शकते. एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात, तर नुसत्या कार्डावर प्रवेशच मिळत नाही.

सिंहस्थासाठी वर्षभर राहायचं असेल, तर आधी ‘री-एंट्री परमिट’ घ्या. अर्ज आय-१३१ या फॉर्मवर होतो आणि तो दाखल होताना तुम्ही अमेरिकेतच असावं लागतं. नाशिकहून मुलाला ‘तू भरून टाक’ सांगून भागत नाही, नेमकी इथेच बहुतेकांची चूक होते. नंतर बोटांच्या ठशांसाठी बोलावतात, त्यामुळे अर्ज केला आणि आठवड्यात विमान पकडलं असं करू नका. ठसे झाले की निघालात तरी चालतं. परमिट मुंबईच्या वाणिज्य दूतावासातून घेण्याचा पर्याय फॉर्ममध्येच असतो. मुदत साधारण दोन वर्षांची, ती वाढवून मिळत नाही. पुन्हा हवं तर पुन्हा तिथे जाऊन नवा अर्ज.

परमिट असलं तरी तिकडचे धागे जिवंत ठेवा: मुलाच्या घराचा पत्ता, बँक खातं, चालक परवाना किंवा राज्याचं ओळखपत्र, आणि मुख्य म्हणजे दर वर्षी ‘रहिवासी’ म्हणून भरलेलं आयकर विवरण. इथे एक खाच आहे. ग्रीन कार्डवाल्याच्या जगभरच्या उत्पन्नावर अमेरिका कर लावते. नाशिकच्या फ्लॅटचं भाडं, मुदत ठेवींचं व्याज, आणि भारतात करमुक्त असलेलं शेतीचं उत्पन्नसुद्धा तिथे दाखवावं लागतं. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी ‘एफबार’ हे परदेशी खात्यांचं वेगळं विवरण द्यावं लागतं. कर नको म्हणून ‘अनिवासी’ असं विवरण भरलं, तर कार्ड सोडल्याचा पुरावा तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं.

विमानतळावर आय-४०७ हा फॉर्म पुढे केला गेला, तर नीट वाचा. तो स्वखुशीनं कार्ड परत करण्याचा फॉर्म आहे. सही करायची सक्ती नाही. नकार दिल्यास प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जातं आणि तिथे कार्ड सोडल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते.

आता आमचं स्पष्ट मत. मन इथेच रमत असेल, तर कार्ड आपणहून परत करून पर्यटक व्हिसा मागणं हा कमीपणाचा मार्ग नाही. नागरिक असलेल्या मुलाच्या आईवडिलांना वार्षिक कोट्याची मर्यादा नसते. पुढे तब्येतीमुळे कायम तिकडे जावं लागलं, तर मुलगा आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज, पुन्हा करू शकतो. त्यासाठी तेव्हाही त्याला उत्पन्नाची हमी द्यावी लागेल, इतकंच.

आणि नागरिकत्व घ्यायचा विचार असेल, तर परमिटचा तिथे उपयोग नाही. वर्षभर बाहेर राहिलात की पाच वर्षांच्या सलग वास्तव्याची साखळी तुटते, मग परतल्यापासून चार वर्षं आणि एक दिवस झाल्यावरच अर्ज करता येतो.

पंचवटी : माझा जन्म १९५८चा, दिंडोरी तालुक्यात घरीच झाला. जन्मनोंद नाही. माहेरचं नाव वेगळं, लग्नात सासरच्यांनी नाव बदललं. शाळेचा दाखला एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या. ग्रीन कार्डच्या अर्जात हे अडेल का?

अडतं ते नाव दोन असल्यामुळे नव्हे, दोन नावांना जोडणारा कागद नसल्यामुळे. लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलण्याची आपली पद्धत तिकडच्या अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. त्याला ‘सुनंदा’ आणि ‘वैशाली’ या दोन वेगळ्या बायका वाटतात.

आधी जन्माचं पाहू. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत जन्म झाला तिथे नोंद शोधण्याचा लेखी अर्ज द्या. नोंद सापडली नाही, तर ‘जन्मनोंद उपलब्ध नाही’ असं अनुपलब्धता प्रमाणपत्र सही-शिक्क्यानिशी घ्या. त्याच्या जोडीला शाळा सोडल्याचा दाखला आणि तुमच्याहून वयानं मोठ्या, जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं लावा. प्रतिज्ञापत्रात जन्माची तारीख, गाव, आईवडिलांची पूर्ण नावं आणि ‘मला हे कसं ठाऊक’ हे वाक्य हवंच. ‘मी ओळखतो’ एवढंच लिहिलेली प्रतिज्ञापत्रं परत येतात. मोठं कोणी हयात नसेल, तर तसं नमूद करून जवळच्या जाणत्या नातेवाइकाचं द्या.

आता घाईघाईनं नवा जन्मदाखला काढण्याच्या फंदात पडू नका. वर्षाहून जुनी नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशानंच होते, गेल्या काही काळात राज्यात अशा उशिरा नोंदींची छाननी कडक झाली आहे, आणि साठ-पासष्ट वर्षांनी निघालेल्या दाखल्यावर दूतावास तरीही जुने पुरावे मागतोच.

नावाचा पूल म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. जुनं लग्न आजही नोंदवता येतं. महाराष्ट्रात १९९८चा विवाह नोंदणी कायदा आहे, त्याखाली नवरा-बायको आणि तीन साक्षीदार लागतात. शहरात महापालिकेच्या विभागीय कार्यालयात, गावात ग्रामपंचायतीत. उशिराचा दंड किरकोळ असतो. भटजी हयात नसतील तर त्याबद्दल प्रतिज्ञापत्र घेतात. अर्जात लग्नापूर्वीचं पूर्ण नाव आणि लग्नानंतरचं पूर्ण नाव, दोन्ही पासपोर्ट व दाखल्यातल्या अक्षरांप्रमाणे लिहा. ‘वैशाली’चं इंग्रजी स्पेलिंग एकीकडे एका ‘ई’नं आणि दुसरीकडे ‘आय’नं झालं की पुन्हा तोच घोळ. जोडीला दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. राजपत्रात नाव छापून आणणं हा मार्ग आज नाव बदलणाऱ्यांसाठी बरा. पन्नास वर्षांपूर्वी बदललेल्या नावाला आजच्या तारखेचं राजपत्र फारसा आधार देत नाही.

आणखी एक तपासा: पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा आहे का? असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर तुमचं सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘नाव अज्ञात’ अशा अर्थाची तीन अक्षरं येतात. तीच पुढे कार्डावर आणि बँकेत चिकटतात. अर्ज करण्याआधी पासपोर्ट दुरुस्त करून घेतलेला स्वस्त पडतो.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागेल. त्याखाली भाषांतरकारानं ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं लिहून सही, नाव, पत्ता आणि तारीख द्यायची.

निफाड : मार्च २०२४ मध्ये कॅनडाचा पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, म्हणून लँडिंग केलं. आतापर्यंत ११० दिवस राहिलो. द्राक्षबाग आणि निर्यात इथेच आहे. खरड छाटणी आणि ऑक्टोबर छाटणीच्या मधल्या काळात दर वर्षी जाऊन राहिलो तर पीआर टिकेल?

कॅनडाचा नियम अमेरिकेसारखा मनावर नाही, आकड्यावर आहे: कुठल्याही पाच वर्षांत ७३० दिवस. अर्धवट दिवसही पूर्ण धरतात, सलगपणाची अट नाही. सरासरी वर्षाला १४६ दिवस.

आता बागेचं वेळापत्रक त्यावर ठेवून पाहा. एप्रिलची खरड छाटणी, मग काडी तयार होईपर्यंतची विरळणी, शेंडा मारणं. जूनमध्ये मोकळे झालात आणि सप्टेंबरअखेर परत आलात तर हातात फार तर ११० दिवस. पाच वर्षांचे ५५० झाले. १८० दिवस कमी पडतात. म्हणजे एक पूर्ण हंगाम बाग दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी लागेल, किंवा पीआर.

पहिली पाच वर्षं पुरी झाली नसतील, तर ‘अजून ७३० होऊ शकतात का’ एवढंच पाहतात. तुमची पाच वर्षं मार्च २०२९ला संपतात. ६२० दिवस अजून भरायचे आहेत. म्हणजे मध्ये अजिबात गेला नाहीत, तर जून २०२७ अखेर कायमचं पोचायला हवं आणि मग मार्च २०२९पर्यंत एकही मोठी फेरी नको. त्यानंतर उतरलात तर गणितच जुळत नाही.

‘ओंटारियोत कंपनी काढा, तिच्या नावानं भारतात काम करा, दिवस मोजले जातात’ असा सल्ला मिळाला असेल. कॅनडातल्या व्यवसायानं पूर्णवेळ कामासाठी परदेशी पाठवलेल्या माणसाचे दिवस धरतात हे खरं, पण केवळ पीआर टिकवण्यासाठी उभी केलेली कंपनी त्यातून स्पष्टपणे वगळली आहे. कॅनडाचा नागरिक असलेल्या पती-पत्नीबरोबर परदेशात काढलेले दिवस मात्र चालतात.

कार्डाची मुदत संपणं आणि पीआर संपणं वेगळं. कार्ड संपल्यावर नाशिकला असाल, तर विमानात बसण्यासाठी पीआर प्रवास दस्तऐवज लागतो आणि तो देताना दिवस मोजतात. नाकारला तर ६० दिवसांत अपील करता येतं. तिथे आजारी आईवडील, मुलांचं हित अशी मानवी कारणं ऐकली जातात. ‘द्राक्षाचा भाव पडला होता’ हे त्यात सहसा बसत नाही. दिवस कमी असताना वैध कार्डावर आत गेलात आणि सीमेवर तुमच्याविरुद्ध अहवाल झाला नाही, तर ७३० भरेपर्यंत बाहेर न पडता राहणं आणि मग नवं कार्ड मागणं, हे कायद्यात बसतं. भरण्याआधी कार्डाचं नूतनीकरण मागितलं, की त्यांनीच मोजायला घेतलं म्हणून समजा.

सिडको : कॅनडाच्या पीआरसाठी कॉलेज रोडवरचा एक एजंट ‘शंभर टक्के गॅरंटी’ देतो. वडिलांची तीन एकर जमीन आहे, तिचा सातबारा निधीचा पुरावा म्हणून चालेल, असंही म्हणाला.

सातबारा चालत नाही. घर, जमीन, सोनं यांपैकी काहीच नाही. लागतो तो खात्यातला, लगेच काढता येणारा पैसा. २०२५च्या तक्त्यानुसार एकट्या अर्जदाराला १५,२६३ कॅनेडियन डॉलर, कुटुंबातल्या प्रत्येक माणसागणिक वाढत जाणारे. बँकेच्या लेटरहेडवर खाती, आजची शिल्लक आणि सहा महिन्यांची सरासरी शिल्लक हवी. कर्जाऊ पैसा चालत नाही. वडिलांनी दिला असेल तर ‘परतफेड नाही’ असं बक्षीसपत्र जोडा. आदल्या महिन्यात अचानक आलेली मोठी रक्कम अधिकाऱ्याच्या डोळ्यात पहिली भरते.

गॅरंटीचं म्हणाल, तर पीआरसाठी अर्जदारांना गुण देऊन वरच्यांना बोलावतात, त्या निवडीत गॅरंटी कोणी देऊ शकत नाही. २५ मार्च २०२५पासून नोकरीच्या ऑफरचे वेगळे गुणही बंद झालेत, त्यामुळे ‘ऑफर लेटर मिळवून देतो, अमुक लाख द्या’ ही दुकानदारी आता नुसती महाग नाही, निरुपयोगी आहे. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्याकडे तिथल्या नियामक संस्थेचा परवाना क्रमांक लागतो. तो त्यांच्या जाहीर यादीत ऑनलाइन तपासता येतो. क्रमांक विचारा. टाळाटाळ झाली तर उठून या.

इंदिरानगर : मुलगी न्यू जर्सीत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. तिच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला आय-१४० अर्ज मंजूर होऊन दोन वर्षं झाली. नोकरी गेली. सगळं पाण्यात गेलं का?

नाही. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटले असतील, तर जुन्या कंपनीनं ते मागे घेतलं तरी मंजुरी टिकते आणि रांगेतला क्रमांक, म्हणजे प्रायॉरिटी डेट, मुलीचीच राहते. नव्या कंपनीला कामगार प्रमाणन (त्या जागेसाठी अमेरिकी कामगार मिळत नसल्याचा सरकारी दाखला) आणि आय-१४० पुन्हा करावं लागेल, पण रांगेत ती जुन्याच जागी उभी राहील. भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या गटांची रांग दहा वर्षांहून लांब असताना ती तारीख हीच खरी कमाई. मंजुरीच्या नोटिशीची प्रत आजच घरी उतरवून घ्यायला सांगा. ऑफिसचा ईमेल बंद झाला की ती मिळवायला फार फिरावं लागतं.

घाईचं आहे ते दुसरं. नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून ६० दिवस, किंवा आय-९४ या प्रवेश-नोंदीवरची मुदतीची तारीख, यातलं जे आधी येईल तेवढीच सवलत. त्या आत नव्या कंपनीचा एच-१बी अर्ज दाखल झाला की त्या दाखल्यावरच ती काम सुरू करू शकते. नोकरी मिळत नसेल तर ६० दिवस संपण्याआधी पर्यटक म्हणून, किंवा नवरा एच-१बीवर असेल तर त्याची जोडीदार म्हणून एच-४वर, दर्जा बदलण्याचा अर्ज टाकायचा. पासपोर्टातल्या व्हिसाच्या शिक्क्याची तारीख इथे काही कामाची नाही. ‘शिक्का २०२७पर्यंत आहे’ या भरवशावर लोक ६० दिवस घालवून बसतात.

‘तोवर नाशिकला ये, आम्ही आहोत’ असं आईवडील मायेनं म्हणतात. तिकीट काढण्याआधी थांबा. सप्टेंबर २०२५च्या अध्यक्षीय आदेशानं, देशाबाहेर असलेल्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलरची रक्कम बसवली. आदेशाला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. प्रवासाआधी तो लागू आहे का हे वकिलाकडून लेखी घ्या.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण आम्ही विचारतो: जावयाचा जन्म कुठला? रांग नागरिकत्वावर नाही, जन्मदेशावर ठरते, आणि नवरा-बायकोपैकी एकाचा जन्मदेश दुसऱ्यालाही लावता येतो. वडील मस्कतला नोकरीला असताना तिथे जन्मलेला जावई असेल, तर मुलगी ओमानच्या रांगेत उभी राहू शकते, आणि दोन्ही रांगांत वर्षानुवर्षांचा फरक पडतो.

नाशिकरोड : मुलीचं लग्न अमेरिकन नागरिकाशी झालं. तिला दोनच वर्षांचं कार्ड मिळालंय. पुढे काय? आणि संसार नीट चालला नाही तर?

कार्ड मिळालं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर ते सशर्त, दोन वर्षांचं असतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अट काढून टाकण्याचा अर्ज भरायचा. ९० दिवसांच्या आधी भरला तर परत येतो, नंतर भरला तर कारण द्यावं लागतं. पोचपावतीची नोटीस कार्डाची मुदत ४८ महिने वाढवते. ती मूळ प्रत प्रवासात जवळ हवी. पुरावा लग्नाच्या अल्बमचा नको, संसाराचा हवा: दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र खातं, एकत्र आयकर, विम्यातलं वारसाचं नाव. हे पहिल्या महिन्यापासून जमवत जायचं.

संसार मोडला तर नवऱ्याच्या सहीवाचून तिला एकटीला अर्ज करता येतो. घटस्फोट झाला असेल तर त्या आधारे. मारहाण किंवा क्रूर वागणूक असेल, तर घटस्फोट नसतानाही आणि ९० दिवसांची वाट न पाहता. ‘माझ्या सहीशिवाय तुला परत जावं लागेल’ ही धमकी खोटी आहे, हे तिला नक्की कळवा. घटस्फोट मात्र न्यायालयाचा हवा. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून केलेली स्टँपपेपरवरची फारकत तिथे धरत नाहीत.

अंबड : आयटीआय फिटर, वय २९, सहा वर्षं कंपनीत काम. जर्मनीच्या संधी-कार्डाबद्दल ऐकलं. मला मिळेल?

तुमच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे: फिटर हा दोन वर्षांचा ट्रेड. जून २०२४पासून सुरू झालेल्या या संधी-कार्डासाठी (‘चान्सनकार्ट’) किमान दोन वर्षांचं, मायदेशात सरकारमान्य व्यवसाय-प्रशिक्षण लागतं. एक वर्षाच्या वेल्डरला याच अटीवर थांबावं लागतं.

दुसरी अट भाषा: जर्मनची ए-१ (पहिली) पातळी किंवा इंग्रजीची बी-२ (चौथी) पातळी. मग सहा गुण. पस्तिशीच्या आतल्या वयाचे २, गेल्या सात वर्षांत ट्रेडमधला पाच वर्षांचा अनुभव असेल तर ३. पाच झाले. सहावा जर्मन ए-२ परीक्षेतून मिळतो. म्हणजे ए-१वर थांबू नका, आणखी एक पायरी चढा. अनुभवाच्या पत्रात ‘हेल्पर’ किंवा नुसतं ‘ऑपरेटर’ लिहिलेलं असेल, तर एचआरकडून कामाचं वर्णन फिटरचं असल्याचं लिहून घ्या. ठेकेदाराच्या पे-रोलवर असाल, तर भविष्यनिर्वाह निधीचा उताराही जोडा.

खर्चासाठी २०२५च्या दरानं महिना १,०९१ युरो, वर्षाचे ‘ब्लॉक्ड’ खात्यात, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, आधी भरायचे. कार्डावर वर्षभर नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तास काम करता येतं. हे कायम वास्तव्य नाही, दार आहे. नोकरी लागल्यावर कुशल कामगाराचा परवाना घ्यायला बहुतेक वेळा आयटीआयची जर्मन समकक्ष मान्यता लागते, आणि कागद जमवायला वेळ जातो, म्हणून भारतातून निघण्याआधीच आयटीआयकडून अभ्यासक्रमाचा तपशील मागून ठेवा. त्या कुशल परवान्यावर तीन वर्षं, ३६ महिन्यांचं पेन्शन-योगदान आणि बी-१ भाषा झाली, की कायम वास्तव्याचा अर्ज. मधल्या काळात परवानगीवाचून सहा महिन्यांपेक्षा जास्त सलग बाहेर राहिलात, तर परवाना आपोआप संपतो.

त्र्यंबक रोड : सून पोलंडची. दोघं आता नाशिकलाच राहणार. लग्न त्र्यंबकेश्वरला वैदिक पद्धतीनं झालं. तिला इथे कायम राहता येईल?

येईल, पण पायाच कच्चा आहे. हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो. सुनेनं धर्म बदललेला नसेल, तर त्या लग्नाला या कायद्याचा आधार नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोंदणी करा. तीस दिवसांची नोटीस लागते. सुनेला तिच्या दूतावासाचं ‘विवाहास हरकत नाही’ अशा आशयाचं पत्र लागेल. पोचायलाच वेळ लागतो, आधी तेच मागवा.

तोवर ती भारतीयाची पत्नी म्हणून प्रवेश व्हिसावर राहू शकते. १८० दिवसांपेक्षा लांबचा व्हिसा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी. आता ती ऑनलाइन होते, कागद स्थानिक पोलिसांकडे तपासले जातात. घरी परदेशी व्यक्ती राहत असल्याचं कळवणारा फॉर्म (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) घरमालक म्हणून भरायची जबाबदारी तुमची आहे, तीही २४ तासांत. सासू-सासऱ्यांना हे ठाऊक नसतं आणि मुदतवाढीच्या वेळी दंड निघतो. प्रवेश व्हिसावर नोकरी करता येत नाही.

नोंदणीकृत लग्न सलग दोन वर्षं टिकल्यावर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा अर्ज करता येतो. दोन वर्षं नोंदणीच्या तारखेपासून मोजण्याचा धोका असतो, म्हणून नोंदणी लांबवू नका. ओसीआय मिळालं की पोलीस नोंदणीची कटकट संपते, नोकरी करता येते. मतदान, सरकारी नोकरी आणि शेतजमीन खरेदी मात्र नाही. लग्न मोडलं तर पत्नी म्हणून मिळालेलं कार्ड रद्द होऊ शकतं. नागरिकत्वच हवं असेल, तर नोंदणीनं मिळण्यासाठी सात वर्षांचं वास्तव्य लागतं आणि पोलंडचा पासपोर्ट सोडावा लागेल.

सातपूर : मुलगा इंग्लंडमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर. पाच वर्षांनी आयएलआर, म्हणजे तिथला कायम राहण्याचा परवाना, मिळेल ना?

२०२५च्या नियमानं पाच वर्षं. मे २०२५च्या सरकारी श्वेतपत्रिकेत हा काळ दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव होता, तेव्हा आज काय लागू आहे ते आधी पाहा आणि पात्र झाला की दिवस घालवू नये. पाच वर्षांत कुठल्याही सलग १२ महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेला नको. जानेवारी ते डिसेंबर असं मोजत नाहीत, कुठूनही बारा महिने मोजतात. मिळालेलं आयएलआर सलग दोन वर्षं बाहेर राहिल्यास संपतं.

ओझर : भाऊ कॅनडाचा नागरिक झाला. वडिलोपार्जित शेतीत त्याचं नाव लागेल का? तो त्याचा हिस्सा मला देणार आहे.

वारसा म्हणून नाव लागतं, नागरिकत्व बदलल्यानं हक्क जात नाही. नव्यानं शेतजमीन विकत घेणं मात्र अनिवासी भारतीयाला आणि ओसीआय कार्डवाल्याला बंद आहे. वारसानं आलेली जमीन त्याला फक्त भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता किंवा देता येते. तुम्ही त्यात बसता.

भारतीय पासपोर्ट त्यानं परत केलाय ना, हे आधी विचारा. परकी नागरिकत्व घेतलं त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं आणि जुना पासपोर्ट वापरणं गुन्हा ठरतो. त्याच्या नावाचा कागद पुढे करताना हे उघडं पडू नये.

हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. तलाठ्याकडे साध्या अर्जावर फेरफार होत नाही. भाऊ येऊ शकत नसेल, तर तो कॅनडातल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही साक्षांकित करून तुमच्या ओळखीच्या तिसऱ्या माणसाच्या नावानं कुलमुखत्यारपत्र पाठवू शकतो. तुमच्याच नावानं नको, कारण देणारा आणि घेणारा एकच दिसतो. त्यात गट नंबर, क्षेत्र आणि ‘हक्कसोड करण्याचा अधिकार’ हे शब्द स्पष्ट हवेत. ते पाकीट हातात पडल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. कुरिअरची पावती जपून ठेवा, तारीख तीच सांगते.